लेबलवरची दुखणी

संग्रहालयात व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, नसांच्या अशक्तपणावरच्या औषधाची एक तपकिरी बाटली आहे. लेबल इंग्रजी आहे, पण शेजारच्या पाटीवर ते मराठीत दिलंय : छातीत धडधडणे, झोप न लागणे, उगीच रडू येणे, कशातच मन न रमणे. सगळ्यावर हे एकच औषध. खाली बारीक अक्षरांत खुलासा आहे, की आत दारू आणि साखरेचा पाक असायचा.

माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई ते वाचत थांबल्या होत्या. त्यांचा नवरा पुढून म्हणाला, "चल गं, तिकडे तलवारी आहेत."

"थांबा हो. यात सगळं माझंच लिहिलंय."

"अगं, नुसती दारू होती ती. फसवत होते लोकांना."

फसवत होतेच. असल्या भोंदूंचा मला रागच येतो. पण तिथं उभं राहून वाटलं, घरात ज्याला कुणी दुखणं म्हणत नव्हतं, त्याला या लेबलानं दुखणं म्हटलं. बाटली त्यावरच खपली असावी.

"फसवत असतील," बाई म्हणाल्या. "पण उगीच रडू येतं, हे त्यांना माहीत तरी होतं."

नवरा मागे आला. त्यानं खिशातून चष्मा काढला आणि पाटी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.