त्या बोगद्यात मी देवाशी भांडले

त्या दिवसांत "भिऊ नका" म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाचा मला संताप यायचा. आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला यायचे, पिशवीभर संत्री आणायचे, डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करायचे आणि उठताना हमखास म्हणायचे, "ताई, भिऊ नका. विश्वास ठेवा." पाळकांच्या पत्नी, आमच्या पाळकीणबाई, त्यांनी तर एकदा माझा हात हातात घेऊन अगदी गोड आवाजात सांगितलं, "भीती म्हणजे अविश्वासच हो." मी हात काढून घेतला. माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन मला पाप्यांत बसवलं! त्या गेल्यावर मी कपबश्या आदळल्या. तशाही त्या हातातून पडतच होत्या, कारण मानेत नस दबली होती आणि बोटांत जोर उरला नव्हता. डावा पाय तर पार बधिर झाला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की एमआरआय झाल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, आणि उशीर झाला तर पाय कायमचे जातील. मला दमा आहे, म्हणून गुंगीचं इंजेक्शन द्यायलाही ते तयार नव्हते.

आणि मी त्या यंत्रातून दोनदा किंचाळत बाहेर आले होते. चेहऱ्यावर पिंजरा बसवतात आणि त्या अरुंद बोगद्यात सरकवतात. तिथं गेलं की मी पुन्हा आठ वर्षांची होते. दर्यापूरकडच्या आमच्या घरात वेचणीनंतर एक खोली कापसानं आढ्यापर्यंत भरलेली असे. आम्ही भावंडं त्यात उड्या मारायचो. एकदा मी तळाशी गेले आणि वरचा सगळा ढीग माझ्यावर घसरला. ओरडायला तोंड उघडलं तर तोंडात कापूस भरला. बाहेर सगळे हसत होते, मला ऐकू येत होतं, पण माझा आवाज कुणाला जात नव्हता. उडी मारताना भावाचा पाय माझ्या डोक्याला लागला म्हणून वाचले. वरून "भिऊ नका" म्हणणाऱ्यांचं काय जातं?

तिसऱ्यांदा मुलीनं जवळजवळ ओढतच मूर्तिजापूरहून अकोल्याला आणलं. ती पोटुशी, तिला त्या खोलीत यायची परवानगी नव्हती. नाव पुकारलं आणि मी बाकावरून उठेनाच. मुलगी रडकुंडीला आली, हलकेच म्हणाली, "आई, प्रार्थना कर ना." तिथं माझा बांध फुटला. चारचौघांत, मोठ्यानं, छताकडे बघून मी बोलले ती प्रार्थना म्हणण्यासारखी नव्हती.

"काहून मांगं लागला तू माह्या? नवरा नेला, आता पाय बी पायजे काय तुले? तू बी होता ना कबरीत? धोंडा लावला होता ना तोंडाले? तुले मालूम हाय आतमंदी कसं वाटते. मंग बाहेरून भिऊ नोको म्हनू नोको मले. येतो तं आत ये!"

मुलीनं ओढणीनं तोंड झाकलं. समोर एक बाई बसली होती, तेल्हाऱ्याकडची. तिचा नवरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून कमरेत मार लागलेला, स्ट्रेचरवर पडून आपल्या पाळीची वाट बघत होता. ती उठून माझ्यापाशी आली.

"मी येतो तुमच्यासंगं आत," ती म्हणाली. "चालते काय हो?" हे दारात उभ्या असलेल्या, यंत्र चालवणाऱ्या माणसाला. तो म्हणाला, चालेल, पण अंगावर धातूचं काही नको.

तिनं कानातलं काढलं, जोडवी काढली. मग क्षणभर थांबली, नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. तिनं मंगळसूत्र काढून माझ्या मुलीच्या हातात दिलं. नवरा समोर असा पडलेला असताना एका सवाष्णीनं अनोळखी बाईसाठी गळा मोकळा करावा, हे काय असतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आत तिनं एवढंच विचारलं, "कोन्त्या पायाले समजते?" मी उजवा सांगितला. पिंजरा बसला, बोगदा आला, यंत्र धडधडायला लागलं. छातीत तोच जुना कापूस दाटला. पण उजव्या पावलावर एक खरखरीत, ऊबदार हात होता आणि तो शेवटपर्यंत हलला नाही. मी भ्याले, सगळा वेळ भ्याले. देवाला चार शब्द आणखी सुनावले. मात्र बाहेर पळाले नाही.

पुढं ऑपरेशन झालं, काठी टेकत का होईना मी माझ्या पायांनी देवळात, आमच्या चर्चमध्ये, जाते. देवानं काय केलं याची साक्ष द्या असं लोक म्हणतात तेव्हा मी सांगते की माझी भीती गेलेली नाही. मी "आत ये" म्हटलं आणि तो आला, याहून जास्त मला कळत नाही. त्याच्यापुढं गोड बोलायचं मी सोडून दिलं आहे. माझा राग, भीती, जे असेल ते त्याच्या पुढ्यात टाकते आणि त्याचे आभार मानते.

त्या दिवशी मी बाहेर आले तोच तिच्या नवऱ्याला पुकारलं. मुलीनं मंगळसूत्र पुढं केलं. बाईनं ते घेतलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"अवो, मी विधवा आहे," मी हात मागं घेत म्हटलं.

"मंग काय झालं? धरा." ती नवऱ्याच्या स्ट्रेचरकडे वळली. "मघा भांडल्या ना तुमी तुमच्या देवासंगं, तसंच आमच्या मालकासाठी भांडा."

ती नवऱ्यासोबत आत गेली, दार बंद झालं. काळे मणी मुठीत धरून मी डोळे मिटले आणि, त्या माणसाचं नावही ठाऊक नसताना, त्याच्यासाठी देवाला जाब विचारायला लागले.