जनूभाऊंचे अर्धे वाक्य

जनूभाऊंचे ते वाक्य मी पूर्ण ऐकले होते. मैदानात आरडाओरडा होता, मागच्यांना काही कळले नसेल. पण मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसलो होतो. तरीही दुसऱ्या दिवशी वसईच्या बाजारातल्या फळ्यावर मी त्यातले अर्धेच लिहिले.

मी शाळामास्तर. अक्षर चांगले, म्हणून चळवळीच्या बातम्या लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी आमचा सारा तालुका पेटला होता. संयुक्त महाराष्ट्र जनूभाऊंनाही हवा होता. पण ते सत्ताधारी पक्षाचे उमेदवार. पक्षाला आतूनच वळवता येईल, असे त्यांना वाटे. पक्षातले त्यांना घरभेदी म्हणत, गावातले खुर्चीला चिकटलेला.

केळीच्या वाडीत राबणारा हा माणूस बोलायला फार सावकाश. वाक्याच्या मध्यावर थांबून उपरण्याने चष्मा पुसायचा. लोक खवळत. "वाक्य पुरं होऊ दे रे बाबा, मग मार दगड," ते म्हणत. एकदा खरोखरच दगड आला. तो उचलून त्यांनी टेबलावरच्या कागदांवर ठेवला. "बरं झालं, वारा फार सुटलाय." विरोधकही हसले. मीही हसलो, आणि मग स्वतःवरच चिडलो.

मी वही घेऊन बसलो होतो, त्या सभेत ते म्हणाले, "मुंबई गेली तरी चालेल..." आणि चष्मा पुसू लागले. एकच गिल्ला झाला. त्या गिल्ल्यातच त्यांनी वाक्य संपवले, "...पण माझं तिकीट राहू दे, असं म्हणणारा मी नव्हे."

फळ्यावर मी लिहिले : 'जनूभाऊ म्हणतात, मुंबई गेली तरी चालेल!' उद्गारचिन्ह माझे. "शाब्बास मास्तर!" म्हणत लोकांनी पाठ थोपटली. संध्याकाळी त्यांच्या ओटीवर शेण पडले.

दुसऱ्या सकाळी ते एकटेच फळ्यापाशी आले. सावकाश वाचले.

"मास्तर, अक्षर झकास हो. फळा लहान पडला का?"

"हो," मी म्हणालो.

ते निवडणूक हरले. 'मुंबई विकणारा' हे नाव मात्र चिकटून राहिले. विहिरीवर त्यांच्या बायकोशी कुणी बोलेना. त्यांनी सभेत बोलणेच सोडले. आज सांगतील, उद्या सांगतील, या धास्तीत मी दोन वर्षे काढली. त्यांचे उपरणे लांबून दिसले तरी गल्ली बदलायचो. वर्गात मुले "क्रियापद शेवटी येतं" असे एका सुरात म्हणत, तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहत असे.

त्यांनी कुणालाच काही सांगितले नाही. तेच मला सोसेना. शेवटी मी वाडीत गेलो.

"जनूभाऊ, मी सगळं ऐकलं होतं."

"ठाऊक आहे," केळीची वाळकी पाने कापता कापता ते म्हणाले. "तुमची पेन्सिल शेवटपर्यंत चालत होती. पण मला काय सांगता? मीच बोललो होतो ते. ज्यांनी वाचलं, त्यांना सांगा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी भर गर्दीत उभा राहिलो. पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणून दाखवले. मग एका कोळणीने विचारले, "मंग तवा का नाय बोल्लास, मास्तर?"

"शाबासकी हवी होती, बाय."

गर्दीच्या कडेला जनूभाऊ पिशवी घेऊन उभे होते. त्यांच्याकडे बघून मी म्हणालो, "मी खोटं लिहिलं. जाणूनबुजून लिहिलं. जनूभाऊ, मला माफ करा."