आबांचं खोटं आणि भर रस्त्यातलं चित्र

पुण्याची गाडी आमच्या फाट्यावर थांबेल की नाही, याचीच त्या सकाळी आबांना काळजी होती. गेवराईच्या अलीकडे हायवेला लागून आमचा फाटा आहे. भरलेल्या एसट्या तिथं न थांबताच निघून जातात. आबा पार रस्त्याच्या मध्यापर्यंत जाऊन हात करत होते आणि आई ओरडत होती, "अहो, मागं सरा!" मी अठरा वर्षांची होते. काखेत ड्रॉइंग बोर्ड, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. गाडी थांबली तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "पोचलीस की फोन कर, जये. न्हाई लागला तर परत कर." गाडी सुटली आणि मी मागं वळून पाहिलं नाही. आईला वाटलं असेल, पोरगी रडते आहे. खरं म्हणजे मागच्या बाजूला पूल होता, आणि तिकडं पाहायचं मी दोन वर्षं टाळत होते.

त्या पुलाजवळ आमची चौदा मेंढरं ट्रकखाली गेली होती.

मेंढरं आबांची आणि तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत्याची, सामाईक. त्या दिवशी राखायची पाळी आबांची होती, पण त्यांना सणकून ताप होता, म्हणून मी गेले. वही नेऊ नको असं आबांनी बजावलं होतं. मी ओढणीखाली लपवून नेली. बाभळीखाली बसून एका मेंढीचं तोंड काढत होते. कान जमत नव्हता. तो जमेपर्यंत मेंढरं रस्त्यावर चढली होती. ब्रेकचा आवाज झाला तेव्हा मी वर पाहिलं.

कळल्याबरोबर आबा तापाच्या अंगानं धावत आले. थोड्या वेळानं तात्या पोचले. मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "मीच व्हतो. डोळा लागला. ही आत्ता भाकर घेऊन आलती." तात्यांना खरं कळलं असतं तर माझी शाळा त्याच दिवशी सुटली असती, पोरीला शाळा कशाला, हे ते कितीदा तरी बोलून दाखवायचे. त्यांनी आबांना नको नको ते सुनावलं आणि आठवड्याभरात मेंढरं वाटून घेतली. पुढं आपल्या वाटणीची विकून ते बीडला गेले, एका मंगल कार्यालयात वॉचमन झाले. भावकीत आबांचं नाव 'झोपाळू' पडलं. लग्नाकार्यात कुणीतरी म्हणायचंच, "ह्यांना खुर्ची देऊ नका बे, झोपतेल." आबा हसायचे. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून जायचे.

पुण्यात हे सगळं मागं पडेल असं वाटलं होतं. चित्रकलेचा कोर्स झाला, एका डिझाइन स्टुडिओत नोकरी लागली, दोघी मैत्रिणींबरोबर वारज्यात फ्लॅट घेतला भाड्यानं. डेडलाइन, फीडबॅक, वीकेंड हे शब्द तोंडात बसले. फोनवर आईशी बोलताना ते निसटले की ती "काय म्हनलीस?" विचारायची आणि मी खजील व्हायचे. घरचा फोन नेहमीची वेळ सोडून वाजला की कुणाला काय झालं म्हणत मी हातातलं सोडून उठायचे. अजून उठते. तुम्ही जे गावी आहात, तुम्हाला हे सांगून पटणार नाही. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना सांगायची गरज नाही.

शेवटी एका मोठ्या कॅनव्हासवर मी तो पूल काढला. बाभूळ, वहीत डोकं घातलेली मुलगी, रस्त्यावर चढणारी मेंढरं. ट्रक काढवला नाही. मैत्रिणी म्हणाल्या, किती शांत वाटतंय.

गेल्या हिवाळ्यात बीडमधल्या काही चित्रकला शिक्षकांनी ठरवलं की जिल्ह्यातल्या चित्रकारांची चित्रं एका रविवारी रस्त्यावरच मांडायची. हॉल नाही, रिबीन कापणं नाही. दोन्ही कडांना बांबू रोवायचे आणि चित्रं बांधायची. त्यांनी माझ्याकडं फोटो मागितले. मी पाच पाठवले, त्यांनी नेमकं हेच निवडलं. नाही म्हणता आलं असतं. चार दिवस मी मेसेज टाइप करून खोडत राहिले आणि मग 'चालेल' असं लिहिलं. आई-आबांना फक्त 'या' म्हणून कळवलं. चित्र कशाचं, ते समोरासमोर सांगू असं मनाशी ठरवलं होतं.

त्या सकाळी दोरीची गाठ बसेना, तीनदा सोडून पुन्हा बांधली. रस्ता भरू लागला. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, ग्रीसचे हात पुसत बाहेर आलेला गॅरेजवाला, मोटरसायकलवरून एक पाय टेकून पाहणारे. पुण्यात लोक रंगांबद्दल बोलतात. इथं पहिल्याच माणसानं विचारलं, "ह्यो गेवराईच्या अलीकडचा पूल न्हवं का?" आणि त्याच्या बायकोनं, "पोरगी कोनाची हाय?"

अकराच्या सुमारास तात्या आले. ड्यूटीवरून थेट, खाकी कपड्यांतच. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर माझं नाव पाहून त्यांना सांगितलं होतं. त्यांनी चित्रातल्या मुलीवर बोट ठेवलं.

"ही तूच का?"

"हो."

"आन भाऊ कुठं हाय ह्यात?"

"आबा घरी होते, तात्या. ताप होता त्यांना. मेंढरांमागं मी होते."

तात्यांनी बांबूला हात टेकला. "दहा वरसं," ते म्हणाले, "दहा वरसं मी त्याला चार मान्सांत झोपाळू म्हनलो."

आणि तेवढ्यात स्टँडकडून चालत येणारे आई-आबा दिसले. सांगायला वेळच राहिला नाही. आबांनी आधी चित्र पाहिलं, मग भावाला, मग मला.

"कावून लावलंस हे? कशापायी?" आवाज मोठा नव्हता. "मी काय रडत आलतो का तुज्याकडं?"

"भाऊ..." तात्या एक पाऊल पुढं आले. आबा वळले आणि आले तसे स्टँडकडं चालू लागले. आई क्षणभर थांबली, म्हणाली, "मी जाते त्यांच्यासंग. तू येळेवर जेव." तात्या कधी गेले ते कळलं नाही.

चित्र उतरवावं असं दहादा वाटलं. नाही उतरवलं. ही पोरगी कोण, असं ज्यानं ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, मीच. आणि आबा त्या दिवशी तिथं नव्हतेच.

पुण्याला परतल्यावर बारा दिवस आबा फोनवर आले नाहीत. ऑफिसात बसून मी काय काय कल्पना केल्या, ते लिहीत नाही. तेराव्या दिवशी आईचा फोन आला, भरदुपारी.

"तात्या आलते."

"भांडण झालं?"

"भांडन कशाचं? कापसाचं बोलले, नातवाचं बोलले. मेंढराचं नाव दोघंबी घेईनात. जेवून गेले."

"आबा काही म्हणाले?"

"फोन घ्या म्हनलं तर उठून गेले. पर दारातच उबे हायेत, ऐकत."

आबांनी मला माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. त्यांचं खोटं मी त्यांच्या हातातून काढून घेतलं. ते त्यांनी माझ्यासाठी धरलेलं होतं, आणि मी आधी विचारलं नाही. पुण्यात माझ्या चित्रातला माणूस हा नुसता माणूस असतो. घर म्हणजे मला आता एवढंच उमगतं, की तिथं चित्रातल्या प्रत्येकाला नाव आहे आणि तो येऊन विचारू शकतो, कावून?

परवा बीडहून पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मी आधी आबांना फोन केला.

"काय काढतीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काढू का?"

पलीकडं बाज करकरली, आबा टेकले असावेत.

"बसल्याला काढ," आबा म्हणाले. "उबं ऱ्हायलं की पाय दुखतेत."