मामांनी खरी ठरवलेली कादंबरी

आमचे मामा एका बड्या पुढाऱ्याचे ड्रायव्हर होते. पुढारी गेले आणि त्यांच्या आयुष्यावर कुणीतरी, नावंगावं बदलून, कादंबरी लिहिली. निवृत्त मामा रोज संध्याकाळी दारातल्या पायरीवर बसून ती शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागले. दर पानाला ब्रेक मारून म्हणायचे, "अक्षर न् अक्षर खरं! गाडी मीच चालवत होतो ना." मामींची चहापत्ती संपत होती आणि मामांचा भाव वाढत होता.

मग ते प्रकरण आलं. त्यात साहेबांचा ड्रायव्हर त्यांच्या गुप्त भेटींची खबर विरोधकांना विकतो. मामांनी करकचून ब्रेक मारला.

"हे मात्र रचलेलं आहे," ते म्हणाले.

"वा रे वा!" समोरचा शिंपी म्हणाला. "कालपर्यंत अक्षर न् अक्षर खरं होतं की!"

सगळे खो-खो हसले. मामांनी आधारासाठी मामींकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही नाही ना सांगितलंत कुणाला?"

मामांनी पुस्तक शिंप्याच्या हातात दिलं आणि ते आत गेले. आता पुढचं शिंपी वाचतो. मामा दाराआड कान देऊन बसतात, तो ड्रायव्हर शेवटी निर्दोष ठरतो का, ते ऐकायला.