रविवारचं हापिस

आम्ही जुनी माणसं जमलो की आमच्या चर्चचे किस्से निघतात आणि चहा दोनदा गरम करावा लागतो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, वर दुष्काळ. त्यातच आमच्या मूठभर घरांनी चर्च सुरू करायचं ठरवलं. भजनाला वाजवायची पेटी माझी होती, जागा कुणाचीच नव्हती.

*

आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नगरकडचे. आडतीवाल्या अप्पांना म्हणाले, "मंडळीसाठी खोली हवी."

आमच्यात मंडळी म्हणजे चर्चची माणसं. अप्पांच्या लेखी बायको. त्यांनी गोदामाशेजारची लांबलचक खोली लगेच दिली. रविवारी बायाबापड्यांचा जथा बघून ते दारातच थबकले.

"ह्यातली तुमची मंडळी कोणती?"

"ही सगळी माझीच मंडळी."

अप्पांनी बोटांवर बायका मोजल्या. मग म्हणाले, "लई हिंमत हाय बाबा तुमची."

*

घंटा नव्हती म्हणून मी थाळी बडवली. अख्खी गल्ली घागरी घेऊन धावत आली, कारण टँकर आला की अशीच थाळी वाजायची. मी लपायला जागा शोधत होतो.

पाळक म्हणाले, "पाणी नाही, पण आत या."

"सावली हाय का?" एका आजीनं विचारलं.

"आहे."

"मग बसते."

त्या दिवसापासून पुढची सतरंजी तिची.

*

नव्या जिल्ह्याला ऑफिसं थाटायला जागा मिळेना. एक साहेब आमची खोली बघायला आले. खोली गेली की मंडळी पांगणार, हे उघड होतं.

अप्पांनी विचारलं, "रविवारी हापिस?"

"बंद."

"मग जमलं की. ह्यांचं तवाच उघडं असतंय."

आठवडाभर साहेबांची टंचाई शाखा, म्हणजे गावोगाव टँकर धाडणारं ऑफिस, आणि रविवारी आम्ही. अप्पांना तेव्हाच मिठी मारायला हवी होती.

*

दारावरची ऑफिसची पाटी मात्र रविवारीही तशीच असायची, 'पाण्याचे अर्ज येथे द्यावेत.' एका रविवारी औशाकडचे एक धोतरवाले बाबा ती वाचून आत आले. उपासनेनंतर आमच्यात जो तो उभा राहून आपली अडचण सांगतो आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. बाबाही उठले. गावची विहीर आटली, टँकर येईना, सगळं सांगितलं. आम्ही माना खाली घालून मनापासून प्रार्थना केली. मग बाबांनी अर्ज पाळकांच्या हातात दिला.

सोमवारी पाळकांनी तो टंचाई शाखेत नेऊन दिला आणि गावात टँकर पोचला.

पुढच्या रविवारी बाबा पुन्हा हजर, मागे निम्मं गाव. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

"बाबा, आता काय अडचण?" पाळकांनी विचारलं.

"अडचण न्हाई साहेब. समदं ऐकून घेणारं हापिस कसं असतंय, ते दावायला आणलंय ह्यांना."