मामाजींचं परमिट

घरातला साधा बल्ब बदलायचा झाला, तरी आमचे मामाजी आधी आईंची सही घेत. मामाजी म्हणजे माझे सासरे, आई म्हणजे सासूबाई. नागपूरकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. लग्न होऊन मी नाशिकहून या घरात आले, त्याच आठवड्यात हा सोहळा पाहिला. मामाजी एका हातात बल्ब आणि बगलेत लांबलचक वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे, आणि सासूबाई कणकेचे हात पदराला पुसून त्या वहीत सही करताहेत. "बल्ब लावून राहिले, का रॉकेट सोडून राहिले?" असं म्हणत त्यांनी वही परत केली. मामाजींनी सही नीट तपासली आणि मगच ते स्टुलावर चढले.

कोराडीच्या वीज केंद्रात मामाजींनी सगळी नोकरी फिटर म्हणून काढली. तिथे कुठलंही यंत्र खोलायचं, तर ते चालवणाऱ्याची लेखी परवानगी लागते. तिला परमिट म्हणतात. परमिट मिळालं की बटणावर 'काम चालू आहे' असा टॅग लटकवायचा. काम संपलं की हत्यारं मोजायची, टॅग काढायचा, परमिट ज्यानं दिलं त्याला परत करायचं. त्यानं सही केली की मगच यंत्र सुरू. निवृत्तीच्या दिवशी लोक शाल आणि घड्याळ घेऊन घरी येतात, आमचे मामाजी हा कायदा घेऊन आले. "मशीन जो चालवते, त्याची असते. आपण खोलणारे पाहुणे. पाहुण्यानं इचारूनच अंदर जावं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. घर आई चालवत होत्या, तेव्हा परमिट देण्याचा अधिकार आईंचाच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

टॅग ते जुन्या लग्नपत्रिका कापून बनवत. त्यामुळे समोरून 'काम चालू आहे, हात लावू नये' आणि मागून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असा मजकूर घरभर लोंबकळत असे. एकदा मिक्सर दुरुस्त होऊन दोन तास झाले, तरी चटणीला हात लावता येईना, कारण एक पेचकस कमी भरत होता. सगळ्यांनी घर पालथं घातलं. शेवटी आईंनी शांतपणे त्यांच्या कानामागून तो काढून दिला.

मी या सगळ्याला हसायचे. ते एका दुपारी थांबलं. माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात भर दुपारी घरात भट्टी पेटली होती. कूलरच्या बटणावरचा टॅग मी काढला आणि बटण दाबलं. मामाजींचा हात तेव्हा कूलरच्या आत होता. पंखा फिरायच्या आत त्यांनी तो कसाबसा बाहेर ओढला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. ते पुढे आले, टॅग माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "काहून काढला, बेटा? टॅग म्हंजे अंदर माणूस आहे. ज्यानं लावला, त्यानंच काढायचा." एवढंच बोलले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता गाडीकडे येते. आमच्या पोर्चमध्ये एक जुनी, छोटी, पांढरी गाडी होती. गंमत म्हणजे मामाजींना गाडी चालवता येत नव्हती. "मले खोलता येते, चालवता नाही येत," हे ते कुणालाही बिनदिक्कत सांगत. गाडी चालवायच्या आई. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकल्या आणि दर महिन्याला मौद्याला आपल्या धाकट्या बहिणीकडे जाऊ लागल्या. शेजारी मामाजी, कान बॉनेटकडे लावून. रस्ताभर आई त्यांच्याशी बोलत आणि ते इंजिनाचं ऐकत. पोचल्यावर मावशींनी विचारलं, ताई काय म्हणते, तर हे सांगत, "तिसऱ्या गिअरात थोडी कुरकुर आहे."

मग गाडी निळा धूर सोडू लागली. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून पुन्हा बंद केलं आणि भंगारात द्या म्हणाला. माझा नवरा प्रशांत मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. त्यानं जेवता जेवता नव्या गाड्यांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. आईंनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "मले याच गाडीचा क्लच समजते. नव्या गाडीशी माही ओळख कोण करून देईल?" मामाजींनी जेवण संपवलं, हात धुतले आणि वही आणली. काम : इंजिन उतरवणे. कारण : धूर. आईंनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक अट घातली : 'मौद्याला जाऊन आल्यावरच परमिट परत घेईन.'

इंजिन उतरवायचं म्हणजे टांगायला काहीतरी हवं. पोर्चच्या छताला बंगईच्या कड्या होत्या. झोपाळ्याला आमच्याकडे बंगई म्हणतात, आणि आमची बंगई हे आईंचं संध्याकाळचं सिंहासन होतं. तीही त्यांनी उतरवू दिली. मामाजींनी आधी बॅटरी काढली, पाणी आणि ऑइल काढून घेतलं, मग एकेक वायर, एकेक नळी. सुटलेला प्रत्येक नट आईंच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत जायचा आणि बरणीवर चिठ्ठी लागायची. सगळं सुटं झाल्यावर कडीला साखळीची पुली अडकवून त्यांनी इंजिन इंच इंच वर घेतलं. "गाडी मांगं ढकला! इंजिनले हात नका लावू!" प्रशांत आणि मी गाडी मागे लोटली, आणि इंजिन एकटंच हवेत राहिलं. आई खुर्चीवर बसून बघत होत्या. "एवढुसं आहे होय? आन् मले मौद्याला घेऊन जाते!" त्या म्हणाल्या. मामाजींना इतकं अभिमानानं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

महिनाभरात लेथवाल्याकडचं काम आटोपलं. पिस्टनला नव्या रिंगा पडल्या आणि इंजिन तयार होऊन पोर्चमध्ये एका जुन्या टायरवर बसलं. फक्त परत चढवायचं राहिलं होतं. त्याच आठवड्यात एका सकाळी आई उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. भेटायला आलेली माणसं पोर्चमध्ये त्या इंजिनाभोवती सतरंजीवर बसली. कुणीतरी त्याच्यावर चादर टाकली होती.

त्यानंतर मामाजींनी हत्यारांच्या पेटीला हात लावला नाही. नळ गळत राहिला, ट्यूब फडफडत राहिली, बंगई भिंतीला टेकून धूळ खात राहिली. दिवसभर ते गाडीसमोर खुर्ची टाकून बसत. जेवणही चिमणीएवढं झालं. चार महिन्यांनी प्रशांतनं भंगारवाल्याला बोलावलं. त्यात निष्ठुरपणा नव्हता; बापाला रोज त्या सांगाड्यासमोर बसलेलं त्याला बघवत नव्हतं. मामाजी उठले आणि गाडीच्या दारापाशी उभे राहिले. "परमिट उघडं आहे, गा. काम करून वापस कोनाले करू? सही कोन देईल?"

मला रडू येत होतं, पण कूलरची ती दुपार आठवली, आणि वाटलं, यांच्याशी यांच्याच कायद्यानं बोलावं. मी विचारलं, "मामाजी, तिकडे कोराडीत परमिट देणाऱ्याची ड्यूटी संपली, तर काय करतात?"

"दुसऱ्या शिफ्टवाला चार्ज घेते. उघडे परमिट मंग त्याच्या नावावर."

"मग चार्ज मी घेते."

"चार्ज घेणाऱ्याले मशीन चालवता आली पाह्यजे, बेटा."

इथे माझी गाळण उडाली. मला साधी स्कूटीसुद्धा धड येत नव्हती, आणि ट्रक दिसला की मी फुटपाथवरही आत सरकते. पण भंगारवाला परत गेला आणि दुसऱ्या दिवशी मी मोटार ड्रायव्हिंगच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारा कपाळाला हात लावी. एकदा चौकात गाडी सहा वेळा बंद पडली, तेव्हा मागच्या रिक्षावाल्यानं उतरून माझ्या घरच्यांची चौकशी केली. रोज परतल्यावर मामाजी विचारत, "आज किती वेळा बंद पडली?" आकडा कमी होत गेला, तसं त्यांचं ताट वाढत गेलं. लायसन्स हातात आलं, त्या दिवशी त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि वही आणली. 'चार्ज देणार' या शब्दांपुढे त्यांनी स्वतःच्या हातानं 'सुशीला' असं लिहिलं. आईंना ते जन्मभर "ऐकून राहिली का, वं" अशीच हाक मारत. त्यांचं नाव मामाजींच्या अक्षरात मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. खाली मी सही केली.

इंजिन दोन दिवसांत चढलं. बरण्या एकेक करून रिकाम्या झाल्या, हत्यारं मोजून पुरी भरली. मामाजींनी स्टिअरिंगवरचा टॅग काढून खिशात ठेवला आणि मला मान हलवून खूण केली. मी किल्ली फिरवली. पहिल्यांदा गाडी खोकली, दुसऱ्यांदा सुरू झाली. धूर नव्हता. मामाजी बॉनेटवर हात ठेवून उभे होते आणि त्यांचे डोळे वाहत होते.

रविवारी आम्ही मौद्याला गेलो. मी घामानं भिजलेली, ते शेजारी, कान बॉनेटकडे. मावशींच्या दारात हॉर्न वाजवला, तर त्या धावतच बाहेर आल्या आणि चालवणाऱ्याच्या खिडकीत मला पाहून तिथेच पायरीवर बसल्या. मग मला जवळ घेऊन म्हणाल्या, "येत जाय, वं." परतीच्या वाटेवर मी बडबडत होते, मामाजी इंजिनाचं ऐकत होते. घरी पोचल्यावर त्यांनी वही पुढे केली. आईंच्या अटीखाली मी परमिट परत घेतल्याची सही केली. त्याच संध्याकाळी त्यांनी बंगई टांगली, आपल्या बाजूला बसले आणि आईंच्या जागेवर हात थोपटून म्हणाले, "बस, बेटा."

पुढे तीन वर्षं दर महिन्याला आमची मौद्याची फेरी चुकली नाही, आणि बल्बसाठी सही द्यायला कणकेचे हात मी पुसू लागले. गेल्या हिवाळ्यात मामाजी गेले. आदल्या दिवशी त्यांनी अंगणातल्या नळासाठी माझी सही घेतली होती आणि नळावर टॅग लावला होता. नंतर प्रशांतनं तो नळ दुरुस्त केला, मी वहीत तसं लिहिलं, परमिट बंद केलं. आता त्या नळावर आम्ही सगळेच पाणी भरतो. टॅग मात्र तसाच लटकतो आहे. उन्हानं त्यावरची अक्षरं उडत चालली आहेत, पण तो काढायला कुणाचा हात होत नाही. तो ज्यानं लावला, त्यानंच काढायचा आहे.