गडग्याचा वाक
नातीच्या कॉम्प्युटरवर मी माउसनं एक रेघ ओढली; ती वाकडी आली आणि बघता बघता आपोआप सरळ झाली. "बघा आजोबा, तोच सुधारतो," नात म्हणाली आणि मला साठ सालच्या सुमाराची मालवणातली मोजणी कचेरी आठवली. मी तिथं ट्रेसर होतो. मोजणीदारानं आणलेला नकाशा पारदर्शक कापडावर शाईनं उतरवायचा, हेच दिवसभर. मे महिना होता, घाम शाईवर उतरू नये म्हणून मी मनगटाखाली टीपकागद धरायचो. धामापूरच्या एका बागेचा गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, मध्येच बाहेर वळून पुन्हा ओळीत येत होता. त्या दिवसाचा तो कितवा नकाशा होता कोण जाणे. मी पट्टी ठेवली आणि सरळ रेघ मारून मोकळा झालो. साहेबांची सहीही झाली. नक्कल न्यायला बागेची म्हातारी मालकीण उन्हातून चालत आली. तिला अक्षर येत नव्हतं, पण बोट नेमकं तिथंच टेकलं. "झिला, गडगो हंयसर वळता. माझो माड खंय गेलो?" माड शेजाऱ्याच्या हद्दीत गेला होता. "दुरुस्तीसाठी अर्ज द्यावा लागेल," मी कचेरीतल्या शुद्ध मराठीत सांगितलं. "माका लिवूक येणा नाय," ती म्हणाली. मी मान खाली घालून पुढचा नकाशा पुढ्यात ओढला. ती पुन्हा आली नाही. "हे सरळ करणं बंद कसं करतात गो?" मी नातीला विचारलं. "कशाला? वाकडंच काढायचंय?" "होय," म्हटलं, "एक माड बाहेर राहिलाय."